यादीतली माणसं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, दाराशी पडलेल्या चपलांच्या ढिगापाशी, एका ओळखीच्या मुलीनं मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही बिलिंगमध्ये आहात ना?" उपचार करणाऱ्यांची बिलं विमा कंपन्यांना लावणं हे माझं काम. न्यू जर्सीत हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी ऐकावा लागतो आणि पाठोपाठ पर्समधून एखादं बिल निघतं. या वेळी बिल निघालं नाही. तिचे सासरे जाऊन आठ महिने झाले होते. सासूबाई धड जेवत नव्हत्या, रात्रभर टीव्ही लावून बसत, देवळात जाणंही सुटलं होतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं, नुसत्या गोळीनं भागणार नाही, नेमानं कुणाशी तरी बोलायला हवं; एखादी मानसोपचाराचा परवाना असलेली, म्हणजे लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर गाठा. काकूंकडे मेडिकेअरचं, वयस्कांच्या सरकारी विम्याचं, कार्ड होतं, म्हणजे सरकारच्या वतीनं एक खाजगी कंपनी चालवते त्या ॲडव्हान्टेज प्लॅनचं. "हे कार्ड घेणारी कुणी सापडेल का?"

मी म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. प्लॅनची यादी असते.

यादी होतीच. घरापासून पंधरा मैलांच्या आत 26 नावं, प्रत्येकापुढे हिरवी खूण, 'नवीन पेशंट घेतात'. डबा खाता खाता रोज दोन-तीन फोन करायचे असं ठरवलं आणि वहीत रेघा मारत गेले. सात नंबर बंद, त्यातला एक फॅक्सचा. पाच ठिकाणी ती व्यक्ती केव्हाच सोडून गेलेली. त्यातल्या एका बाईला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सहा जणींनी गोड आवाजात सांगितलं की सध्या नवीन कुणाला घेत नाही. चौघी म्हणाल्या की तो प्लॅन आम्ही सोडला. एक फक्त लहान मुलांना बघत होती. दोघींना निरोप ठेवला, त्यांचा फोन अजून यायचाय. आणि एकीनं तारीख दिली, अकरा आठवड्यांनंतरची.

माझा सगळा दिवस विमा कंपन्यांच्या फोनवर जातो. कुठलं बटण दाबलं की माणूस येतो हे मला पाठ आहे, इंग्रजी बोलायला मी बिचकत नाही. तरी तीन आठवडे गेले. आठ महिने नीट न जेवलेल्या बाईनं हे 26 फोन स्वतः करावेत, अशी या व्यवस्थेची अपेक्षा आहे.

वाटलं होतं, आपलंच नशीब फुटकं. तसं नाही. अमेरिकन सिनेटच्या वित्त समितीनं आपल्या कर्मचाऱ्यांना हेच करायला बसवलं होतं. सहा राज्यांतले 12 ॲडव्हान्टेज प्लॅन, प्रत्येकाच्या यादीतले 10 जण, एकूण 120 फोन. मे 2023 मध्ये समितीचे अध्यक्ष रॉन वायडन यांनी निकाल मांडला: अपॉइंटमेंट मिळाली 18 टक्के वेळा. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या कार्यालयानं 13 विमा प्लॅनच्या यादीतल्या जवळपास 400 जणांना फोन केले. त्यातले 86 टक्के एक तर लागले नाहीत, किंवा त्या प्लॅनमध्ये नव्हते, किंवा नवीन पेशंट घेत नव्हते. इथे याला घोस्ट नेटवर्क म्हणतात, भुतांची यादी. माझ्या वहीतला हिशोब तर त्या आकड्यांपेक्षाही वाईट होता.

या शोधात आधी अक्षरांचा घोळ असतो. सोशल वर्करची मास्टर्स पदवी, मग देखरेखीखाली दोनेक वर्षं प्रत्यक्ष काम, साधारण 3,000 तास (राज्यागणिक कमी-जास्त), मग परीक्षा. एवढं झालं की स्वतंत्रपणे मानसोपचार करायचा परवाना मिळतो. न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कात त्याला एलसीएसडब्ल्यू म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र त्याच चार अक्षरांचा अर्थ एक पायरी खालचा. तिथे स्वतंत्र काम करणारी ती एलआयसीएसडब्ल्यू. मेडिकेडचं, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचंही तसंच. कॅलिफोर्नियात तेच मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्सात मासहेल्थ, आमच्याकडे एनजे फॅमिलीकेअर. बॉस्टनच्या बहिणीनं दिलेला सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालत नाही, तो यामुळे. पण हा घोळ एकदा समजला की संपतो. बंद नंबर समजून घेऊन लागत नाही.

मग या बाया कार्ड का घेत नाहीत? आपल्याकडे याचं झटपट उत्तर तयार असतं: पैशाची हाव. मी त्यांची बिलं लावते, म्हणून सांगते, हे उत्तर चूक आहे. निदान अर्धं तरी चूक.

1989च्या कायद्यानं क्लिनिकल सोशल वर्करना मेडिकेअरला स्वतःच्या नावानं बिल लावण्याचा हक्क मिळाला. हक्काबरोबर किंमतही ठरली: त्याच कामाचे सायकॉलॉजिस्टला जेवढे मिळतील त्याच्या 75 टक्के. 90837 हा कोड मी रोज टाइप करते. त्याचा अर्थ, पेशंटबरोबर किमान 53 मिनिटांची मानसोपचाराची बैठक. सायकॉलॉजिस्ट बसला तरी 53, सोशल वर्कर बसली तरी 53. रडणारी बाई तीच, खोली तीच, लिहायची टिपणं तीच, ऑफिसचं भाडं तर दोघांना सारखंच. फक्त एकाला शंभर आणि दुसरीला पंच्याहत्तर. ॲडव्हान्टेज कंपन्या आपले दर स्वतः ठरवतात, पण मोजपट्टी बहुधा हीच धरतात. जानेवारी 2024 पासून समुपदेशक आणि विवाह-कुटुंब थेरपिस्ट यांनाही मेडिकेअरचं दार उघडलं, त्याचं मोठं कौतुक झालं. त्यांनाही 75च.

मेडिकेअरच्या कायद्यात पेशंटवर होणारा अन्याय एकदा दुरुस्त झालाय, हे मुद्दाम सांगायला हवं. पूर्वी मेडिकेअरमध्ये मधुमेहासाठी डॉक्टरकडे गेलात तर खिशातून 20 टक्के आणि नैराश्यासाठी गेलात तर 50 टक्के भरावे लागत. 2008 साली कायदा झाला आणि 2014 पर्यंत टप्प्याटप्प्यानं हे 50 उतरवून 20 वर आणले. म्हणजे मनाचा आजार शरीराच्या आजाराइतकाच खरा, हे काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकन संसदेनं, पेशंटच्या पावतीवर मान्य केलं. उपचार करणारीच्या चेकवर केलं नाही. हा दर 75 वरून 85 वर आणण्याचं विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलंय. मला तर 85 सुद्धा कळत नाही. उरलेले पंधरा कशाचे कापायचे?

थोडं विषयांतर करते. हा पेशा जन्मला तोच गरिबांसाठी. 1889 साली शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी हल हाउस उघडलं, तिथपासूनची ही परंपरा. तिचा एक धागा आपल्या मुंबईतही आलाय. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात नेबरहूड हाउस चालवलं, आणि 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं तेव्हा पहिले संचालक तेच होते. पुढे 1944 मध्ये तीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. ससूनमध्ये किंवा केईएममध्ये ज्यांनी नातेवाइकांसाठी खेटे घातलेत त्यांना 'समाजसेवा अधीक्षक' ही पाटी आठवत असेल. औषधाला पैसे नसले की त्या टेबलाशी जायचं. जो पेशा या टेबलासाठी निघाला, त्यातल्या बाया आज इथे तासाला दीडशे-दोनशे डॉलर रोख घेऊन सुस्थितीतल्या लोकांशी बोलतात. त्यांच्यातल्या कुणीही हे स्वप्न बघून मास्टर्स केलेलं नसतं. मी ज्यांची बिलं लावते त्यांच्यातली एक तर दर वर्षी म्हणते, या वर्षी मेडिकेड सोडायचं. आणि दर वर्षी जुने पेशंट आठवून राहते.

दर हे एक झालं. दुसरं, कटकट. प्लॅनमध्ये शिरायचं तर आधी क्रेडेन्शियलिंग: परवाना, विमा, मागच्या नोकऱ्या, सगळं भरायचं आणि तीन-चार महिने थांबायचं. प्रत्येक कंपनीसाठी वेगळं. मग बिल नामंजूर होतं, कारण पत्त्यात सुइट नंबर राहिला. मग दोन वर्षांनी पत्र येतं, तुमची टिपणं तपासली, बैठक 53 मिनिटांची होती असं त्यात दिसत नाही, सबब दिलेले पैसे परत करा. डॉक्टरांच्या मोठ्या गटाकडे या पत्रांना उत्तर द्यायला माझ्यासारख्या चार जणी बसवलेल्या असतात. एकटी काम करणारी सोशल वर्कर ते रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर करते. त्यात मेडिकेडच्या पेशंटकडून वरचा फरक मागता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग तो फरक कुणी तरी भरायला हवा, आणि आज तो तीच भरते.

विमा कंपन्यांचं म्हणणं असं: थेरपिस्टच आम्हाला कळवत नाहीत. पत्ता बदलला, जागा भरल्या, सांगत नाहीत, मग यादी शिळी होणारच. यात तथ्य आहे. कंपन्यांकडून 'तुमची माहिती तपासा' म्हणून येणारे ईमेल मीही कित्येकदा नंतर बघू म्हणून ठेवून दिलेत. पण साध्या गबाळेपणानं झालेली चूक दोन्ही बाजूंनी होते. कधी नसलेलं माणूस यादीत राहील, तर कधी असलेलं माणूस यादीतून गळेल. इतक्या वर्षांत दुसऱ्या जातीची चूक मला क्वचितच दिसली. चूक बहुतेक वेळा यादी लांबवणारीच. लांब यादीवर प्लॅन विकला जातो. पुरेसं नेटवर्क आहे हे सरकारला दाखवायलाही तीच यादी पुढे करता येते. आणि पेशंटनं कंटाळून फोन ठेवला की एक बिल वाचतं. ज्या चुकीतून दर वेळी एकाचाच फायदा होतो, तिला मी चूक म्हणायला तयार नाही.

शिवाय कंपनीला खरं काय ते ठाऊक असतं. ओरेगनमध्ये संशोधकांनी मेडिकेडच्या याद्या प्रत्यक्ष बिलांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि 2022 साली निष्कर्ष छापला: यादीतल्या 58 टक्के नावांनी मेडिकेडचे पेशंट पाहिलेच नव्हते. पाहा, या कामाला कुणालाही फोन करावा लागला नाही. बिलं कंपनीकडेच येतात. कोणत्या बाईनं गेल्या सहा महिन्यांत एकही बिल लावलं नाही, हे कंपनीच्या संगणकाला एका मिनिटात कळतं. आणखी पुढची गोष्ट: नवीन पेशंटच्या पहिल्या भेटीचा कोड वेगळा असतो, 90791. जिनं गेल्या तीन महिन्यांत तो कोड लावलाय ती नवीन पेशंट घेते, जिनं लावला नाही ती बहुधा घेत नाही. हिरवी खूण कुणापुढे लावायची ते ईमेल पाठवून कशाला विचारायचं?

म्हणून माझी मागणी एका बिलिंगवालीची आहे: यादी बिलांवरून करा. सहा महिन्यांत बिल नाही, तर नाव काढा. नव्यानं आलेल्यांना सुरुवातीला सहा महिन्यांची सवलत द्या. एवढ्यानं यादी 26 वरून सहावर येईल, कंपनीची लाज उघडी पडेल, आणि मग त्या सहाच्या साठ करायच्या तर दर वाढवावे लागतील हेही उघड्यावर येईल. आज भुतांमुळे टंचाई दिसत नाही. ती दिसायला हवी.

खाजगी विम्यासाठी अर्धं काम आधीच झालंय. 2022 पासून लागू झालेल्या नो सर्प्रायझेस कायद्यानुसार कंपन्यांनी यादी दर 90 दिवसांनी तपासायची, आणि चुकीच्या यादीवर विसंबून पेशंट बाहेरच्याकडे गेला तरी त्याच्याकडून नेटवर्कमधल्या दरानंच पैसे घ्यायचे. म्हणजे चुकीचा भुर्दंड यादी करणाऱ्याला. हा कायदा मेडिकेअर आणि मेडिकेडला लागू नाही. ज्याच्या कंपनीनं चांगला विमा काढलाय त्या इंजिनिअर मुलाला जे संरक्षण आहे, ते त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या आईला नाही. मेडिकेडसाठी 2024च्या केंद्रीय नियमांत बाहेरच्या माणसांनी गिऱ्हाईक बनून फोन करून बघायचं आणि मानसोपचाराची अपॉइंटमेंट 10 कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी, असं आलंय. त्याची अंमलबजावणी मात्र 2027 पासून पुढे टप्प्याटप्प्यानं. तोवर डब्याच्या वेळेत फोन.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. काकूंच्या घरी मी हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मराठी बोलणारी मिळेल का?" आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात, "मराठी असेल तर नकोच, सगळ्या मंडळात बोभाटा होईल." दोन्ही प्रश्न खरे आहेत. मराठी सोशल वर्कर मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि परवाना राज्याचा. शिकागोतली मराठी बाई न्यू जर्सीच्या परवान्याशिवाय एडिसनमधल्या काकूंना व्हिडिओवरही बघू शकत नाही. मग बरीच घरं पुण्यातलं कुणी तरी शोधतात, सकाळी आठला इकडे कॉल, तिकडे संध्याकाळ. रुपयात स्वस्त पडतं, भाषेचा प्रश्न मिटतो. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण रात्री दोन वाजता गोष्ट हाताबाहेर गेली तर पुण्यातल्या त्या बाईला इथल्या आणीबाणीच्या यंत्रणेत कुणी ओळखत नाही, आणि ज्या कार्डासाठी काकू दर महिन्याला हप्ता भरतात ते ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं दुभाषी फुकट द्यायचा असतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. फोनवर मराठीसुद्धा मिळते. सुनेनं किंवा नातवानं भाषांतर करायचं नसतं. सुनेसमोर सासू काय सांगणार, कप्पाळ!

आणि एक टोचणारं. मंडळाच्या दिवाळी अंकात 'आपले डॉक्टर' म्हणून जाहिरातींची पानं असतात. हृदयाचे तीन, दातांचे सात, घरं विकणारे अगणित. सोशल वर्कर मी आजवर एकही पाहिली नाही. मुलगी म्हणाली मला एमएसडब्ल्यू करायचंय, तर आपण तिला विचारतो, "त्यात काय मिळतं?" काय मिळतं ते मी वर सांगितलंय, 75 टक्के. काँग्रेसनं जो दर लावला तोच आपणही घरात लावतो.

काकूंना शेवटी अपॉइंटमेंट मिळाली, ती यादीतून नाही. संघराज्याच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं असतात, मेडिकेअर-मेडिकेड दोन्ही घेणारी, विमा नसेल तर उत्पन्न बघून पैसे घेणारी. आमचे लोक 'ती गरिबांची जागा' म्हणून तिथे जात नाहीत. मलाही ती शेवटीच सुचली, याची शरम वाटते. तिथे प्रतीक्षा साडेतीन आठवड्यांची होती. तिथली सोशल वर्कर कार्ड का घेते, हे मला माझ्या धंद्यामुळे लगेच कळलं: या केंद्रांना मेडिकेअर भेटीमागे ठरलेला एकच दर देतं, समोर डॉक्टर असो, सायकॉलॉजिस्ट असो की क्लिनिकल सोशल वर्कर. 75चं गणित त्या दारापाशी थांबतं. जिथे तिचा तास पूर्ण धरला जातो, नेमकी तिथेच ती सापडली. हा योगायोग आहे असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

पहिल्या दिवशी सून बाहेर बसली, मी तिच्या शेजारी. आत टेबलावर फोनचा स्पीकर, त्यावर दुभाषी. पाऊण तासानं काकू बाहेर आल्या, डोळे सुजलेले. गाडीत बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग पट्टा लावता लावता म्हणाल्या, "ती फोनमधली पोरगी अकोल्याकडची आहे बरं का. 'करून राहिली' म्हणाली." काकूंचं माहेर मूर्तिजापूरचं. पुढच्या मंगळवारी तीच मुलगी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही, पण विचारून ठेवते.